जुन्या गाडीचा पार्ट बदलायचा कधी?



गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमाला मी माझी लाल, दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी घेऊन आलो होतो. आरती संपल्यावर पार्किंग लॉटमध्ये तिच्याभोवती थोडी गर्दी जमली. तरुण मंडळींनी विचारले, "किती पळते?" वडीलधाऱ्यांनी विचारले, "अजून किती दिवस पोसणार आहेस हिला?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते: माझ्या शेजारी बायको बसली असेल तर पंचावन्न मैल. दुसऱ्याला सुरुवात करणार तोच जेवणाची रांग उघडली आणि श्रोते पांगले. ते राहिलेले उत्तर आज या पानावर देतो आहे. गाडी माझी असली तरी हिशेब सगळ्यांच्या उपयोगी पडावा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गराजमध्ये एखादी जुनी कॅमरी किंवा अकॉर्ड मुलांच्या कॉलेजसाठी राखून ठेवलेली असतेच.

आधी गाडीची ओळख. १९९१ ची माझदा मियाटा. हे मॉडेल फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात पहिल्यांदा दिसले. इंजिन १.६ लिटरचे, म्हणजे आजच्या हिशेबाने किरकोळ. पण वजन जेमतेम टनभर, त्यामुळे वळणावर ती मांजरीसारखी वळते. दिवे लावले की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात. या जातीच्या दहा लाख गाड्या २०१६ मध्ये पूर्ण झाल्या. दोन आसनी उघड्या स्पोर्ट्स गाड्यांमध्ये इतका खप दुसऱ्या कुठल्याच गाडीचा नाही. मी एडिसनला राहतो, नोकरी सॉफ्टवेअरची आणि डिग्री मेकॅनिकलची. २०१७ मध्ये ४,२०० डॉलरना ही गाडी घेतली तेव्हा तिचे ८८,००० मैल झाले होते. ती माझ्याहून एका वर्षाने लहान. दोघांचेही सांधे थोडे वाजू लागले होते.

हौसेचे मोल

हौसेला मोल नसते असे म्हणतात. असते, आणि आमच्या घरी सौ. ते वहीत लिहून ठेवते. पहिल्या दोन वर्षांत मी गाडीवर काय काय केले ते त्या वहीतूनच उतरवतो. कापडी टप मजुरीसह १,१५०. सीटांना नवे कव्हर ९००. जुनी पण देखणी ॲल्युमिनियमची चाके, टायरसकट, ७००. एक्झॉस्ट ६४०. रंगाला पॉलिश आणि डागडुजी ६३०. स्टिरिओ ३८०. लाकडी स्टिअरिंग व्हील ३५०. एकूण ४,७५० डॉलर. गाडीच्या किमतीपेक्षा जास्त! आमच्याकडे याला 'नाकापेक्षा मोती जड' म्हणतात.

चाकांबरोबर टायर फुकट मिळाले याचा मला केवढा आनंद झाला होता! टायरची नक्षी जवळजवळ नव्यासारखी. मी एक सेंटचे नाणे खाचेत उलटे उभे धरून पाहिले, लिंकनचे डोके अर्धे बुडाले. म्हणजे कायद्याला लागते त्या दोन बत्तीसांश इंचापेक्षा नक्षी कितीतरी खोल. मी खूश.

२८७ वरची ती संध्याकाळ

ऑक्टोबर २०१९. रविवार. ब्रिजवॉटरच्या बालाजीचे दर्शन घेऊन आम्ही इंटरस्टेट २८७ ने घरी निघालो होतो. दोघेच होतो, खरे तर अडीच जण, कारण सौ.ला पाचवा महिना होता. हवा छान होती, टप उघडा होता, प्रसादाचा लाडू तिच्या मांडीवर डबीत होता.

मागून थप्‌, थप्‌, थप्‌ असा आवाज येऊ लागला. मला वाटले रस्ताच खडबडीत आहे. सौ. म्हणाली, "अरे, काहीतरी वाजतंय." मी म्हणालो, "जुनी गाडी आहे, वाजायचीच." एखादा मैल गेलो असू. आवाज वाढला, सीट थरथरू लागली आणि एकदम धाडकन मागचा उजवा टायर उसवला. टायर फुटला नव्हता. त्याच्या अंगावरचा नक्षीचा जाड पट्टाच्या पट्टा सुटून मडगार्डवर आपटू लागला. गाडीची शेपटी एका बाजूला सरकली. सुदैवाने मी ब्रेक दाबला नाही. यात माझे शहाणपण काही नाही, पाय जागच्या जागी गोठला होता. नंतर वाचले की अशा वेळी तेच करायचे असते: ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग घट्ट आणि सरळ धरायचे, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडायचा आणि वेग उतरला की कडेला घ्यायचे.

शोल्डरवर गाडी थांबली. ट्रक अंगावरून जात असल्यासारखे वाटत होते. दोघेही काही बोललो नाही. टो ट्रकवाला आला. त्याने टायरच्या बाजूला टॉर्च मारला, अंगठ्याने धूळ पुसली आणि चार आकडे दाखवले: ०९०८.

मंडळी, हे चार आकडे आजच घरी जाऊन आपापल्या गाडीवर बघा. टायरच्या बाजूला डी-ओ-टी अशी तीन इंग्रजी अक्षरे असतात. त्यांच्यापुढच्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे टायरची जन्मतारीख. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २००० सालापासून ही पद्धत आहे. कधीकधी पूर्ण ओळ टायरच्या आतल्या बाजूलाच असते, तेव्हा जरा वाकून बघावे लागते. माझा टायर २००८ च्या नवव्या आठवड्यात जन्मला होता, म्हणजे साडेअकरा वर्षांचा. नक्षी शिल्लक होती, कारण तो फिरलाच नव्हता. पण आतले रबर उन्हाने, उष्णतेने आणि हवेतल्या ऑक्सिजनने म्हातारे होतच होते. बरेच गाडीवाले सहा वर्षांनंतर टायर बदला म्हणतात. टायर बनवणाऱ्या अनेक कंपन्या दहा वर्षे ही शेवटची मर्यादा मानतात, मग नक्षी कितीही असो.

रात्री घरी सौ.ने वही उघडली. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. तिने शांतपणे विचारले, "या गाडीवर आपले पावणेपाच हजार गेले. त्यातले टायरवर किती?"

उत्तर शून्य होते. ब्रेकवर किती, याचेही उत्तर तेच.

बाबांचे तीन प्रश्न

फेब्रुवारी २०२० मध्ये आमच्या घरी लक्ष्मी आली. नात बघायला पुण्याहून आई-बाबा आले, मार्चमध्ये विमाने बंद झाली आणि ते इथेच अडकले. आईला नात पुरली. बाबांना काही उद्योग हवा होता. बाबांनी उभी हयात दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये काढली. गराजमध्ये जॅकवर चढवलेली लाल गाडी पाहून त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी ते माझी जुनी जीन्स घालून गाडीखाली!

मी त्यांना माझी यादी दाखवली. इंजिनिअरच्या खाक्याने मी सदतीस पार्ट काढले होते आणि गाडीच्या वयानुसार सगळेच बदलायचे ठरवले होते. घाबरलेला माणूस असाच वागतो. आधी काहीच बदलत नाही, मग सगळेच बदलायला निघतो. बाबांनी यादी वाचली, चष्मा वर केला आणि म्हणाले, "अरे, असं केलं असतं तर एसटी दोन वर्षांत बंद पडली असती. प्रत्येक पार्टला तीन प्रश्न विचार. मोडला तर काय होईल? मोडायच्या आधी सांगेल का? आणि तो वयाने झिजतो की कामाने?"

त्या उन्हाळ्यात आम्ही सदतीस पार्ट या तीन प्रश्नांतून गाळून घेतले आणि त्यांचे चार कप्पे केले.

पहिला कप्पा: जिवावर बेतणारे आणि मुके

टायर, ब्रेकच्या रबरी नळ्या आणि ब्रेक ऑइल. हे मोडले तर माणूस जातो आणि आधी फारसे काही सांगत नाहीत. टायरने मला मैलभर आधी सांगितले होते, पण इतक्या उशिरा सांगणे काय कामाचे? ब्रेकची नळी बाहेरून चांगली दिसते आणि आतून फुगून अरुंद झालेली असते. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ३ जातीचे कोरडे ऑइल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत उतरू शकते. घाटासारख्या लांब उतारावर सारखे ब्रेक दाबले की ऑइल तापते, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखे खाली जाते. बरे, बाटलीतला रंग पाहून हे नीट कळत नाही.

या कप्प्याचा नियम: गाडी चालो अथवा न चालो, कॅलेंडर पाहून बदलायचे. आमच्याकडे ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलतो. टायर आठ वर्षांपुढे नाही, आणि सहाव्या वर्षापासून दर वसंतात बारकाईने तपासणी. नळ्यांचा इतिहास ठाऊक नव्हता, म्हणून चारही बदलल्या. 'हौशी' गाडीचा घोळ इथेच होतो. आपण म्हणतो, "वर्षाला दीड हजार मैल तर चालते, काय झिजणार?" पण रबर मैल मोजत नाही, वर्षे मोजते.

अभिनेता पॉल वॉकरचा नोव्हेंबर २०१३ मधला अपघात अनेकांना आठवत असेल. गाडी त्याचा मित्र चालवत होता आणि दोघेही गेले. तपासात मुख्य कारण अति वेग हेच निघाले. पण त्या महागड्या पोर्शेचे टायर नऊ वर्षांचे होते, याचीही नोंद तपासात झाली. गाडी लाखो डॉलरची असली तरी रस्त्याला चिकटलेले असते ते तळहाताएवढे रबरच.

दुसरा कप्पा: जिवावर बेतणारे पण बोलके

ब्रेक पॅड, चाकाचे बेअरिंग, बॉल जॉइंट. बहुतेक पॅड संपत आले की किंचाळतात, कारण तशी पत्र्याची जीभच त्यांना बसवलेली असते. बेअरिंग वेगाबरोबर वाढणारा घूं असा आवाज करते. बॉल जॉइंट खड्ड्यात खटखटतो, आणि चाक उचलून हलवले की हाताला लागतो. यांना तारखेने बदलायची गरज नाही. मात्र ते बोलतात तेव्हा ऐकायला कोणीतरी हवे. दर सहा महिन्यांनी चाके काढून पाहायची, आणि पहिल्या तक्रारीला बदलायचे. तिसऱ्या तक्रारीची वाट पाहायची नाही. "जुनी गाडी आहे, वाजायचीच" हे माझे वाक्य आता घरात उखाण्यासारखे वापरले जाते.

इथे न्यू जर्सीकरांसाठी एक गोष्ट. आपल्या राज्याने खासगी गाड्यांची ब्रेक, स्टिअरिंग वगैरेंची तपासणी २०१० मध्ये बंद केली. त्यानंतर इन्स्पेक्शनला पाहतात तो धूर. काचेवर स्टिकर आहे म्हणजे ब्रेक ठीक आहेत असे समजू नका.

तिसरा कप्पा: रस्त्यात उभे करणारे

टायमिंग बेल्ट, रेडिएटर, वॉटर पंप, क्लचचा स्लेव्ह सिलिंडर, बॅटरी. हे गेले तर बहुधा जीव जात नाही, दिवस जातो आणि टो ट्रकचे बिल येते. इथे खरा प्रश्न हा की हा पार्ट जाताना आणखी कोणाला घेऊन जातो.

टायमिंग बेल्टचे उदाहरण घ्या. इंजिनाच्या वरच्या झडपा आणि खालचे दट्टे यांची वेळ हा पट्टा जुळवतो. काही इंजिनांत झडपा आणि दट्टे एकच जागा वेगवेगळ्या वेळी वापरतात, मुंबईच्या चाळीतल्या नळासारखी. पट्टा तुटला की वेळापत्रक बिघडते, दोघांची टक्कर होते आणि झडपा वाकतात. पोर्शे ९४४ चे इंजिन या जातीचे. तिथे एका पट्ट्यापायी हजारोंचे काम निघते. माझ्या १.६ लिटरच्या मियाटात दोघांच्या जागा वेगळ्या आहेत. पट्टा तुटला तर इंजिन बंद पडते, इतकेच. म्हणजे एकच पार्ट, एकच वय, पण दोन गाड्यांत दोन वेगळे निर्णय. पोर्शेवाल्याने इतिहास ठाऊक नसेल तर गाडी घरी आणण्याआधीच पट्टा बदलावा. मला थोडी सवड होती. तरी टर्नपाइकच्या मधल्या लेनमध्ये इंजिन बंद पडणे ही काही गंमत नाही. कंपनीने या पट्ट्याला ६०,००० मैलांची मर्यादा दिली आहे आणि माझ्याकडे जुनी पावती नव्हती. म्हणून २०२० च्या उन्हाळ्यात तो बदलला.

आणि इथेच पैशाची गोष्ट येते. बेल्ट, पुली, वॉटर पंप आणि पुढची ऑइल सील मिळून सामान २१० डॉलरचे. मजुरी ६६०. एकटा बेल्ट बदलला असता तर सामानाचे शंभरेक वाचले असते. पण वर्षभराने पंप गळला असता तर तोच सगळा पसारा पुन्हा उघडून जवळजवळ तेवढीच मजुरी पुन्हा द्यावी लागली असती. बाबांचे सूत्र: "मजुरी महाग आणि पार्ट स्वस्त असेल तर शेजारचाही बदल. पार्ट महाग असेल तर नुसता पाहा आणि झाकण लाव." १९९० च्या आणि १९९१ च्या सुरुवातीच्या मियाटांत क्रँकच्या टोकाच्या बोल्टाचे एक ठरलेले दुखणे आहे, त्याचा मार्गही याच पसाऱ्यातून जातो. तेव्हा तो बोल्ट आणि खाच बघून घेतली आणि ठरल्या मापाने आवळली.

रेडिएटर उलट्या प्रकारचा. त्याची प्लास्टिकची वरची टाकी आधी काळी असते, म्हातारी झाली की तपकिरी पडते, मग तडकते. म्हणजे तो रंगाने सांगतो. स्वतः स्वस्त, पण तडकल्यावर लक्षात आले नाही तर इंजिन तापवून हेड गॅस्केटला बरोबर घेऊन जातो. माझ्या गाडीची टाकी चहाच्या रंगाची झाली होती, लगेच बदलली. स्लेव्ह सिलिंडर मात्र गळेपर्यंत ठेवला. तो हळू गळतो, त्याच्या बाटलीतली पातळी उतरते, आणि तो जाताना कोणाला घेऊन जात नाही. २०२२ मध्ये गळला, एका शनिवारी दुपारी बदलला.

चौथा कप्पा: फक्त मनाला लागणारे

टप, सीट, रंग, स्टिरिओ, लाकडी स्टिअरिंग. माझे सगळे ४,७५० डॉलर या कप्प्यात होते! हे वाईट नाही, गाडी शेवटी हौसेसाठीच आहे. पण हा कप्पा शेवटी उघडायचा. जे डोळ्यांना दिसते ते आपण आधी बदलतो, आणि जे जमिनीला टेकलेले असते ते राहून जाते.

नवा पार्ट म्हणजे चांगला पार्ट नव्हे

आता सदतीस पार्ट सरसकट का बदलले नाहीत ते सांगतो. १९७८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी एक अहवाल लिहिला. विमानांचे पार्ट ठरावीक तासांनंतर बदलले म्हणजे सुरक्षितता वाढते, असा तोवर समज होता. यांनी नोंदी तपासल्या तेव्हा आढळले की वयाची मर्यादा घालून फायदा होईल असे पार्ट सुमारे ११ टक्केच. उरलेल्या ८९ टक्क्यांत तशा मर्यादेचा उपयोग नव्हता. उलट ६८ टक्के पार्ट असे होते की त्यांना बिघडण्याचा सर्वांत मोठा धोका अगदी नवेपणी होता. मोटार म्हणजे विमान नव्हे आणि रबराचा नियम निराळा, हे खरे. पण चालत्या पार्टला हात लावण्यातही जोखीम असते, हा धडा मोटारीलाही लागू आहे.

तो मी स्वतः गिरवला आहे. २०२१ मध्ये बाबा परत गेल्यावर माझी खुमखुमी परत आली. तीस वर्षांची मूळ इग्निशन कॉइल ठणठणीत चालत होती, ती मी 'खबरदारी म्हणून' काढली आणि स्वस्तातली नवी बसवली. नवी पाच आठवड्यांत मेली, तीही घरापासून साठ मैलांवर. जुनी खोक्यात जपून ठेवली होती, ती परत लावली. आजही तीच चालते आहे. फोनवर बाबा एवढेच म्हणाले, "चालत्या बैलाला टोचणी कशाला?"

तेव्हा जुना काढलेला चांगला पार्ट फेकू नका. आणि जो पार्ट पुढे मिळेनासा होईल असे दिसते, तो मोडायच्या आधी विकत घेऊन फळीवर ठेवा. मियाटावाले नशीबवान. माझदाने २०१७ मध्ये जपानमध्ये या पहिल्या पिढीसाठी नूतनीकरणाची योजना जाहीर केली आणि काही पार्ट नव्याने बनवायला घेतले. सगळ्याच गाड्यांचे नशीब असे नसते.

पैशाची शिस्त

एक: दरमहा ६० डॉलर वेगळ्या खात्यात. त्याला आम्ही 'लाल गल्ला' म्हणतो. पहिल्या तीन कप्प्यांचा खर्च त्यातून. शिल्लक राहिली तरच चौथा कप्पा.

दोन: प्रत्येक पावतीवर तारीख आणि मैल लिहून फाइल. विकताना तिला किंमत येते, आणि जुन्या हौशी गाडीचा विमा ठरलेल्या किमतीचा घ्यायचा असेल तर तीच फाइल कामी येते. साध्या विम्यात कंपनी अपघाताच्या दिवशीची बाजारची किंमत देते, तुमची माया मोजत नाही.

तीन: "इतके घातले, आता आणखी थोडे" हे वाक्य घरात उच्चारायचे नाही. गेलेला पैसा गेला. मोठा खर्च निघाला की सौ. एकच विचारते: "आज ही गाडी आपल्याकडे नसती आणि कोणी या अवस्थेत विकायला आणली असती, तर ती घेऊन वर हा खर्च आपण केला असता का?" आतापर्यंत उत्तर 'हो' आले आहे. एक दिवस 'नाही' येईल. माझा अंदाज, गंजामुळे. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि मियाटाच्या टपाचे पाणी वाहून नेणारी भोके पानांनी तुंबली की मागच्या चाकापुढचा पत्रा आतून सडतो. पार्ट बदलता येतो, सांगाडाच गेला की बाबांच्या भाषेत "सवाष्णीचे दागिने भिंतीवर टांगल्यासारखे."

चार, आणि हे सर्वांत जड: काही गोष्टी कुठल्याच पार्टने बदलत नाहीत. कितीही नवे सामान घातले तरी ही १९९१ ची गाडी आहे. शेजारच्या सीटला एअरबॅग नाही, माझ्या गाडीत एबीएस नाही, आणि हायवेवर आजूबाजूला तिच्या दुप्पट वजनाच्या गाड्या. मुलगी आता शाळेत जाते आणि रोज विचारते, "बाबा, लाल गाडीतून कधी?" आम्ही तिला आमच्या गल्लीतून, ताशी पंधरा मैलांनी, फक्त कोपऱ्यापर्यंत नेऊन आणतो. २८७ वर नाही. त्या संध्याकाळी ती आमच्याबरोबर होतीच, तेवढे एकदाचे पुरे.

आणि आरोग्याचे काय?

हे पान आरोग्याचेही आहे, म्हणून शेवटी एक. बाबांचा गुडघा अनेक वर्षे कुरकुरतो. त्याबद्दल ते रोज बोलतात, तेल लावतात, ऑपरेशन पुढे ढकलतात. चालेल, तो बोलका पार्ट आहे. पण रक्तदाबाची गोळी? "मला काही होत नाही" म्हणून त्यांनी ती दोन महिने बंद केली होती! मी त्यांना त्यांचेच प्रश्न विचारले. मोडले तर काय होईल? आधी सांगेल का? बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पहिल्या कप्प्यातला आहे." आता रोज सकाळी चहाबरोबर गोळी घेतात आणि आईला फोटो काढून मला पाठवायला सांगतात.

तेव्हा मंडळी, हे पान मिटल्यावर दोनच कामे करा. खाली जाऊन चारही टायरचे आकडे वाचा, आणि डिकीतल्या जादा टायरचेही. घरात कोणाची गोळी चुकत असेल तर तीही बघा. बाकीचे कप्पे सवडीने लावता येतील. कोणाला चाक काढून तपासणी शिकायची असेल तर वसंतातल्या सहलीला मी जॅक आणि पाने घेऊन येणार आहे. मात्र या वेळी जेवणाची रांग लागायच्या आधी या.